पंधरा दिवसांनी तेच दहा प्रश्न

बाबा,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसले आहे. दुपारची वेळ आहे. ओपीडी संपली, शेवटची पेशंट, भंडाऱ्याकडची एक म्हातारी, सुनेचा हात धरून आत्ताच गेली. टेबलावर तुमचे दोन फॉर्म आहेत. त्यांवर तुमचं नाव नाही. आमच्या नियमाप्रमाणे नाव लिहायचं नसतं, फक्त क्रमांक टाकायचा असतो. पण हे फॉर्म कोणाचे ते मला क्रमांक न वाचताही कळतं. एक दिवाळीनंतरच्या रविवारचा, दुसरा त्यानंतर पंधरा दिवसांनी आलेल्या रविवारचा. दोन्हींवर दहा प्रश्न, दहा खुणा, आणि खुणा अगदी एकसारख्या. अकरा वर्षं मी या दोन कागदांच्या आधाराने स्वतःची समजूत घालत आले. मागच्या महिन्यात आई सहज काहीतरी बोलून गेली आणि तो आधारही गेला.

सुरुवातीपासून लिहिते, नाहीतर मलाच नीट संगती लागणार नाही.

तुम्ही गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात सदतीस वर्षं कापड मोजलंत. शेठ पांढऱ्या गादीवर तक्क्याला टेकून बसलेले, आणि तुम्ही त्या लांब फळीमागे उभे, हातात लोखंडी पट्टी. तागा सोडायचा, पट्टीवरून कापड सरकवत न्यायचं, ओठ न हलवता मोजायचं, शेवटी कात्रीने बोटभर काप देऊन दोन्ही हातांनी एका झटक्यात फाडायचं. तो फाडण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. फाडलेली कड सरळच निघायची. नववीची परीक्षा संपल्यावर मी रोज तुमचा डबा घेऊन यायची आणि तासभर तिथेच रेंगाळायची. एकदा आत्या आली परकराचं कापड घ्यायला. तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकात गुंतलेले, म्हणून मीच पट्टी उचलली. नीटनेटकं दिसावं म्हणून मी कापड चांगलं ताठ ओढून धरलं आणि मोजलं. तुम्ही तिकडून आलात, माझ्या हातातून पट्टी घेतली आणि आत्यासमोरच म्हणालात, "ताणून नको मोजू. ताणून मोजलेला कपडा घरी गेल्यावर आखूड होते." आवाज चढवला नव्हता. तरी मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी डबा आईकडे दिला. आत्याला तुम्ही पुन्हा मोजून दिलंत, सैल हाताने, आणि वर बोटभर जास्त सोडलंत.

मी बारावीनंतर बोलण्याच्या आणि गिळण्याच्या उपचारांचं शिक्षण घ्यायचं ठरवलं तेव्हा वस्तीत कोणालाच कळेना की हे नेमकं काय. पोरगी डॉक्टर होणार का, तर नाही. नर्स, तर तेही नाही. तुम्ही लोकांना सांगायचात, "ज्यायचं बोलणं जाते त्यायले ते वापस शिकवते." गिळण्याचं तुम्ही सांगत नव्हतात. गिळणं कोणाला शिकवावं लागतं यावर तुमचा विश्वासच बसला नव्हता. पण प्रवेश झाला त्या दिवशी तुम्ही दुकानातून पांढरं टेरिकॉट आणलंत, कोटासाठी. शेठनी दाखवलेलं पहिलं थान नाकारून तुम्ही वरच्या फळीवरचं काढायला लावलं होतं, असं मग मला त्या दुकानातल्याच एका काकांनी सांगितलं. शिंप्याला तुम्ही बजावलंत की आत कापड दुमडून ठेव, पोरगी अजून भरेल. मी भरले नाही. तो कोट मी शिक्षण संपेपर्यंत वापरला आणि आतली दुमड शेवटपर्यंत तशीच राहिली.

तुमचा उजवा हात थरथरायला लागला ते आधी दुकानात कळलं, मग घरी. फाडलेली कड तिरपी जाऊ लागली. शेठ भला माणूस, त्यांनी तुम्हाला बसून करायचं काम दिलं, चिठ्ठ्या लावायचं. तुम्ही महिनाभर ते केलंत आणि एक दिवस पट्टी पुसून जागेवर ठेवून घरी आलात. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या आणि चार वर्षं त्या गोळ्यांनी तुम्हाला बरं सांभाळलं. तोपर्यंत आपण मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. मी एका मोठ्या इस्पितळात नोकरीला लागले होते आणि नोकरी करता करता पुढचं शिक्षण घेत होते. त्याच्यासाठी प्रबंध हवा होता. माझ्या मॅडमनी विषय दिला: गिळायला त्रास होणाऱ्या पेशंटना विचारायची एक प्रश्नावली इंग्रजीत आहे, ती मराठीत आणायची, आणि मराठीतही ती खरी उतरते का ते तपासायचं.

ऐकायला सोपं वाटतं. दहाच वाक्यं होती. पेशंटने प्रत्येक वाक्यापुढे शून्य ते चार यांपैकी एका आकड्यावर खूण करायची. शून्य म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे फार. पण ते करायची रीत मोठी. एकाने मराठी करायचं. दुसऱ्याने मूळ न बघता त्या मराठीचं परत इंग्रजी करायचं. दोन्ही ताडून बघायची, भांडायचं, पुन्हा लिहायचं. मी ते कागद घरी आणायची आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसायची. तुम्ही समोरच्या खुर्चीत. आमचं पहिलं वाक्य होतं, "अन्न गिळताना मला अधिक प्रयास पडतात." मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा तुमची नजर पेपरातून वर आली.

"असं कोण बोलते वं?"

मी जरा चिडूनच विचारलं, मग कसं बोलतात.

"घास उतरत नाही म्हणते माणूस. जोर लावा लागते म्हणते."

दुसरं एक वाक्य बाहेर जेवायला जाणं टाळण्याबद्दल होतं. तुम्ही विचारलंत, बाहेर म्हणजे कुठं, अंगणात? मग तुम्ही आणि आई मिळून मोजू लागलात: लग्नातलं जेवण, साक्षगंधातलं, कोणाच्या घरी भोजनदानाला गेलो तर ते, आणि हॉटेल तर आयुष्यात चार वेळा. मी हसत होते आणि लिहून घेत होते. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं. मॅडम मूळच्या पश्चिमेकडच्या, बोलणं अगदी पुस्तकी, पण कान चांगला. त्या म्हणाल्या की फॉर्म साऱ्या महाराष्ट्रात चालला पाहिजे, त्यामुळे "मले" आणि "तुले" चालणार नाही. पण "उतरणं" सगळीकडे कळेल. आणि पहिलं वाक्य झालं, "घास खाली उतरायला जोर लावावा लागतो." त्या दिवशी मी घरी येऊन तुम्हाला ते दाखवलं. तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचलंत आणि लगेच दुकानातल्या काकांना फोन लावलात. पोरीच्या सरकारी फॉर्मात माहा शब्द हाय, असं सांगत होतात. सरकारी नाही, असं मी मधे मधे म्हणत होते. तुम्ही हात हलवून मला गप्प करत होतात.

बाबा, तो फॉर्म आता विदर्भातल्या कितीतरी ठिकाणी वापरतात. दर आठवड्याला कोणीतरी पेशंट माझ्यासमोर तुमचा शब्द वाचतो.

पुढचा टप्पा पेशंटचा. बरेच पेशंट झाले, त्यात अडचण आली नाही. अडचण आली ती दुसऱ्या वेळेची. प्रश्नावली भरवशाची आहे हे दाखवायला काही पेशंटना पंधरा दिवसांनी तेच दहा प्रश्न पुन्हा विचारावे लागतात. मधल्या काळात दुखणं बदललं नसेल तर उत्तरंही तीच यायला हवीत. आणि दुखणं बदललं असेल तर तो पेशंट या हिशेबातून बाजूला काढायचा. त्यात कोणाचं चुकलं असं नसतं. पण आमचे पेशंट खेड्यापाड्यांतले. कापूस वेचणीचे दिवस. एका कागदावर खुणा करायला कोण दोन बस बदलून परत येणार? मी फोन करायची, ते हो म्हणायचे, आणि यायचे नाहीत. मॅडमनी दिलेली मुदत जवळ येत होती आणि मला हवी तेवढी माणसं भरत नव्हती. तेव्हा मी मॅडमना विचारलं, माझ्या वडिलांना घेतलं तर? त्यांनी थोडा विचार केला. दुखणं आपल्या अभ्यासात बसतं, उपचार इथेच चालू आहेत, तर हरकत नाही, म्हणाल्या. फक्त प्रश्न तू विचारू नकोस, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. मी हो म्हटलं. मनीषनगरपर्यंत कोण येणार, असं मनाशी म्हणून मी कोणाला विचारलंच नाही.

तो पहिला रविवार मला लख्ख आठवतो. आपलं स्वयंपाकघर, खिडकीतून उन्हाचा पट्टा ओट्यावर आलेला, आई खाली बसून मेथी निवडते आहे. तुम्ही अंघोळ करून, बाह्या दुमडून खुर्चीत बसला आहात. मी वाक्य वाचते आणि तुम्ही लगेच उत्तर देत नाही. घशाला हात लावून बघता, एकदा तर आवंढा गिळून बघता आणि मग म्हणता, "एक." घास उतरायला जोर, एक. पाणी पिताना ठसका, एक. गोळी गिळायला त्रास, शून्य. लग्नात जेवायला जाणं टाळता का, या प्रश्नावर आईने मेथीतून मान वर करून म्हटलं की त्यांना बोलावलं तरी पाहिजे कोणी. प्रत्येक आकडा तुम्ही असा दिलात जसं कापड मोजत आहात. माझ्या सगळ्या पेशंटमध्ये इतक्या सैल हाताने, इतकं खरं कोणी मोजलं नव्हतं.

फॉर्म झाल्यावर तुम्ही विचारलंत, आता हे पास का? मी कागद फाइलमध्ये ठेवत होते, घाईत होते. मी सांगितलं की अजून नाही, पंधरा दिवसांनी परत हेच विचारणार. काहून, म्हणालात. मी म्हटलं, उत्तरं जुळतात का ते पाहायला. जुळली तर फॉर्म पक्का. तुम्ही विचारलंत, नाही जुळली तर?

"तर माझं काम वाया जाईल, बाबा."

एवढंच बोलले मी. पेशंट बिघडला असेल तर त्याला बाजूला काढतात, त्यात काम वाया जात नाही, हे वाक्य मला पाठ होतं. दहा जणांना मी ते सांगितलं होतं. तुम्हाला सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी ते सांगितलं नाही, कारण तुम्ही बिघडाल असं माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि थोडं यासाठीही की वडिलांना आपल्या कामाचं वजन वाटावं असं मला वाटत होतं.

मधले पंधरा दिवस मी घरात कमी आणि इस्पितळात जास्त होते. संध्याकाळी यायची तेव्हा तुमचं जेवण झालेलं असायचं. आई सांगायची, आज लवकर भूक लागली त्यांना. मला बरंच वाटायचं.

दुसऱ्या रविवारी तुम्ही दाढी करून बसला होतात. हात थरथरत असताना दाढी म्हणजे तुमचा अर्धा तास जायचा, तरी केली होती. मी वाचायला लागले. या वेळी तुम्ही घशाला हात लावला नाही. मी वाक्य पुरतं वाचायच्या आत आकडा यायचा. एक. एक. शून्य. दोन. मला वाटलं, आता सवय झाली. दहाही झाले. मी जुना फॉर्म काढून शेजारी ठेवला आणि बोट लावून एकेक ताडून पाहिलं. एकही फरक नव्हता. मी तिथूनच मॅडमना फोन लावला. तुम्ही खुर्चीत मागे टेकून माझ्याकडे बघत होतात, आणि मी फोन ठेवल्यावर विचारलंत, "झालं ना तुहं?"

झालं, मी म्हटलं.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला ताप आला. आईला वाटलं थंडीचा. दुसऱ्या दिवशी धाप लागली. मी तुम्हाला इस्पितळात नेलं, छातीचा फोटो काढला, उजवी बाजू खालून पांढरी, न्यूमोनिया. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मी त्याच क्षेत्रातली म्हणून त्यांनी सरळ सांगितलं की अन्नपाणी बऱ्याच दिवसांपासून श्वासनलिकेत जात असणार. मी म्हटलं, शक्य नाही, तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतः फॉर्म भरून घेतला आहे, पंधरा दिवसांत काहीही बदल नव्हता. त्यांनी फोटो पुन्हा उजेडावर धरून मला दाखवला. सहाव्या दिवशी तुम्ही गेलात. पुण्यानुमोदनाच्या दिवशी दुकानातले काका मला म्हणाले, तू एवढं शिकली म्हणून तुझ्या बाबाला शेवटी काही त्रास झाला नसेल. मी मान हलवली. ज्या मुलीचं काम गिळणं शिकवण्याचं, तिचा बाप घशातून खाली चुकीच्या वाटेने गेलेल्या घासाने गेला, हे कोणीच मोठ्याने बोललं नाही. मनात मी स्वतःशी बोलत राहिले. कधीकधी हे एकाएकी होतं. कधीकधी ठसकासुद्धा लागत नाही. फॉर्म आहे माझ्याकडे. पंधरा दिवसांत काहीही बदल नव्हता.

प्रबंध मंजूर झाला. मॅडमनी माझं कौतुक केलं.

आणि मग मागच्या महिन्यातली ती सकाळ. आई आता अठ्ठ्याहत्तरची आहे, ऐकू अजून चांगलं येतं. ती बाल्कनीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती आणि मी तिच्या शेजारी बसून फोनवर बोलत होते. अमरावतीकडची एक विद्यार्थिनी होती, तिला आपला फॉर्म वऱ्हाडीत करायचा होता. मी तिला समजावत होते की दुसऱ्या वेळी पेशंटला पहिली उत्तरं आठवून सांगू देऊ नकोस, आत्ता कसं आहे तेच विचार. फोन ठेवला. आई शेंगेवरून नजर न काढता म्हणाली, "तुह्या बाबानं तर पाठच केलं होतं."

मी विचारलं, काय पाठ केलं होतं?

"तुहा फॉर्म. त्या दिवशी सकाळी मले बसवलं समोर. म्हणे, तू होती ना मेथी घेऊन, मी काय काय सांगितलं होतं ते सांग. मले जेवढं याद होतं तेवढं सांगितलं. एक, एक, शून्य, असं घोकून राहिले होते लहान पोरावानी. सातव्यावर अडले. तो मलेही याद नव्हता."

सातव्याला तुम्ही काय करणार होतात कोण जाणे. तो जुळला, बाबा. अंदाजाने जुळला.

मी आईला विचारलं, पण त्यांना त्रास होत होता का तेव्हा? आई म्हणाली, होत होता ना. गोळी तर उतरतच नव्हती. ती केळ्यात कुस्करून द्यायची, तेही कधी खाली जायचं, कधी नाही, मग त्या गोळीची वेळ चुकायची. पोळी वरणात भिजवून. पाण्याला सारखा ठसका. म्हणून मी यायच्या आत जेवून घ्यायचे. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? माझा आवाज कसा झाला होता माहीत नाही, पण आईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"त्यायनंच म्हटलं, तिले सांगजो नको. तिचं एवढं होऊन जाऊ दे, मंग सांगू. मंग तर तापच आला."

आणि ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. आपण काय सांगितलं हे तिला कळलं नाही. मी ते तिला कळू दिलंही नाही. गोळ्यांची वेळ चुकली की कंपवाताचा पेशंट किती झपाट्याने खाली येतो, घसा कसा ताठतो, आणि घसा ताठला की पुढची गोळी कशी जात नाही, हे सगळं मी दर वर्षी आमच्या विद्यार्थ्यांना फळ्यावर बाण काढून शिकवते. आईला आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो बाण दाखवून काय करू? मी तिच्या ताटातल्या शेंगा घेतल्या आणि सोलू लागले.

दुसऱ्या दिवशी मी जुनी खोकी उघडून हे फॉर्म काढले. मॅडम निवृत्त होऊन गावी गेल्या आहेत, त्यांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या की एका माणसाने निकाल बदलत नाही, तरी तुला वाटत असेल तर त्यांना वगळून पुन्हा गणित करून बघ. आणि स्वतःला इतका त्रास देऊ नकोस. मी गणित केलं. तुम्हाला वगळलं, बाकीचे ठेवले. आकडा जवळजवळ तोच आला. फॉर्म पक्काच होता, बाबा. तुम्ही खरं सांगितलं असतंत तरी पक्काच राहिला असता. माझं काहीही वाया जाणार नव्हतं. तुम्ही आयुष्यात एकदाच ताणून मोजलंत, तेही माझ्यासाठी, आणि त्याची काही गरजच नव्हती.

विद्यापीठाला मी कळवलं आहे की एक पेशंट वगळावा, मधल्या काळात त्याची प्रकृती बदलली होती. त्यांचं अजून काही उत्तर नाही. येईल असं वाटत नाही. ओपीडीत मात्र माझी रीत बदलली. मी फॉर्म नंतर देते. आधी पेशंटसमोर बसून त्याला दोन घोट पाणी पिताना बघते. आणि दुसऱ्यांदा येणाऱ्याला आधीच सांगते, उत्तर बदललं तरी माझं काही बिघडत नाही. लोकांना ते विचित्र वाटतं. आजची भंडाऱ्याची म्हातारी म्हणाली, "तुमचं काहून बिघडन, बाई?" आणि हसली. मीही हसले.

इथपर्यंत लिहिलं ते सगळं मी मॅडमना सांगितलेलं आहे. थोडंफार इस्पितळातल्या एकदोन मैत्रिणींनाही. ज्यांना सांगितलं त्यांनी हेच म्हटलं की वडिलांनी लपवलं, त्याला तू काय करणार. मी ऐकून घेते. एकेकदा मला ते ऐकायला बरंही वाटतं.

पण त्या दुसऱ्या रविवारी पाचव्या प्रश्नानंतर तुम्ही पाणी मागितलंत. आईने पेला दिला. तुम्ही दोन घोट घेतलेत, ठसका दाबून धरलात, डोळ्यांत पाणी आलं. आणि मग म्हणालात, "वाच पुढचा." तो आवाज ओला होता. घशात पाणी तसंच राहिलं की माणूस जसा बोलतो, तसा. हा आवाज कानावर आला की सगळं थांबवायचं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. त्यासाठी फॉर्म लागत नाही. मी तो ऐकला. पेन्सिल हातात होती, एक क्षण थांबलेसुद्धा. मग वाटलं, आधी हे उरलेले पाच होऊन जाऊ देत, नंतर बघू. आणि मी सहावा प्रश्न वाचला.

तुम्ही आईला म्हणालात तेच. एवढं होऊन जाऊ दे, मंग.

हे मी मॅडमना सांगितलं नाही, आईला तर नाहीच. हा कागद कोणाला द्यायचा नाही म्हणून इथे लिहिलं.